श्प्रे नदीकाठचा रिकामा पाळणा

दोस्तांनो, जत्रेतला मोठा पाळणा भरताना कधी नीट पाहिलंय? पाळणेवाला एक खोका भरतो, मग पाळणा अर्धा फिरवतो आणि बरोब्बर समोरचा खोका भरतो. पुन्हा थोडा फिरवतो, पुन्हा समोरचा. ‘आम्ही आधी आलोय, आम्हाला आधी बसवा’ असं तुम्ही कितीही ओरडलात तरी तो आपल्याच क्रमाने माणसं बसवणार. त्याचं कारण सोपं आहे. सगळी गर्दी एकाच बाजूला बसली तर ती बाजू खाली ओढली जाते आणि इंजिनाला ते वजन वर उचलताना दम लागतो. दोन्ही बाजूंचं वजन सारखं असलं की एवढं थोरलं चाकसुद्धा थोड्याशा जोरावर फिरतं. वाण्याच्या तराजूचंच हे गणित!

हे गणित आज उपयोगी पडणार आहे, कारण आजची गोष्ट आहे इंजिनाशिवाय फिरणाऱ्या पाळण्याची. तो होता जर्मनीत, बर्लिन शहरात, श्प्रे नदीच्या काठी. त्याची उंची ४५ मीटर, म्हणजे सुमारे पंधरा मजली इमारतीएवढी. २००१ सालानंतर त्याची वीज गेली, तिकिटाची खिडकी बंद झाली, आजूबाजूला झाडं माजली. पण वारा सुटला की तो रिकामा पाळणा कुरकुरत हळूहळू फिरायला लागायचा. भुताटकी वगैरे काही नाही हं! सगळे खोके रिकामे, म्हणजे सगळीकडे वजन सारखं. अशा चाकाला वाऱ्याची झुळूकही पुरते.

आता हा पाळणा तिथे आला कुठून, आणि एकटा का पडला, ते पाहू.

तुमच्या आजी-आजोबांच्या शाळेच्या नकाशात एक नाही, दोन जर्मनी होत्या. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या देशाचे दोन तुकडे झाले, पश्चिम जर्मनी आणि पूर्व जर्मनी. बर्लिन शहरही दोघांत वाटलं गेलं, आणि १९६१ साली पूर्व जर्मनीच्या सरकारने शहराच्या मधोमध भिंत बांधली. एका बाजूचा माणूस सहजासहजी दुसरीकडे जाऊ शकत नव्हता. मामाचं घर भिंतीपलीकडे असेल तर मामाही पलीकडेच!

पूर्व जर्मनीचा जन्म १९४९ च्या ऑक्टोबरातला. म्हणजे १९६९ मध्ये त्या देशाला वीस वर्षं पूर्ण होणार होती. वाढदिवसाला सरकारने राजधानीला दोन मोठ्या भेटी दिल्या. पहिली होती ३६५ मीटर उंचीचा दूरचित्रवाणीचा मनोरा. त्याचं उद्घाटन ३ ऑक्टोबरला झालं. लगेच दुसऱ्या दिवशी, ४ ऑक्टोबर १९६९ ला, दुसरी भेट खुली झाली. तिचं नाव ‘कुल्टुअरपार्क प्लेंटरवाल्ड’. कुल्टुअर म्हणजे संस्कृती आणि प्लेंटरवाल्ड हे नदीकाठच्या त्या रानाचं नाव. पाळणे, गोल फिरणारे घोडे, खाऊची दुकानं असलेल्या जागेला ‘संस्कृती उद्यान’ म्हणायचं म्हणजे जरा गंमतच! पण त्या सरकारला सगळ्याच गोष्टींना भारदस्त नावं द्यायची भारी हौस होती.

जागा मात्र झकास निवडली होती. श्प्रे ही काही गंगा-गोदावरीसारखी मोठी नदी नाही. तिची सगळी लांबी सुमारे ४०० किलोमीटर. चेक देशाच्या सीमेजवळच्या डोंगरांत ती उगम पावते, रमतगमत बर्लिनमध्ये शिरते आणि शहराच्या पश्चिम टोकाला हाफेल नदीला मिळते. ट्रेप्टोच्या बाजूला तिचं पात्र चांगलं रुंद आहे आणि काठावर दाट झाडी. शहरातल्या माणसांनी सुट्टीच्या दिवशी तिथे जायचं, ही रीत त्या पार्कच्याही खूप आधीची. जवळच एक वेधशाळा आहे. तिथली दुर्बीण तब्बल २१ मीटर लांब आहे, आणि त्याच वेधशाळेत १९१५ साली आल्बर्ट आइनस्टाइन यांनी सापेक्षतेवर भाषण दिलं होतं. (हे आमच्या विषयात बसत नाही, पण सांगितल्याशिवाय राहवेना.)

शिवाय नदीकाठी एक जुनं उपाहारगृह होतं. त्याचं नाव ‘आयरहॉइस्शन’, म्हणजे ‘अंड्यांचं घरकुल’. पूर्वी नदीतून जाणाऱ्या नावाड्यांना तिथे अंडी विकत मिळत, म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. सध्याची लाल विटांची इमारत १८९२ सालची आहे. थिओडोर फोन्टाने नावाच्या मोठ्या जर्मन कादंबरीकाराने आपल्या ‘डेअर श्टेखलीन’ या कादंबरीत या अंड्यांच्या घरकुलाची सहल रंगवली आहे. तेव्हा पार्क जरी १९६९ चा असला तरी नदीकाठची मौज त्याहून जुनी आहे.

तर असा हा पार्क. सगळ्या पूर्व जर्मनीत कायम एकाच जागी असणारा करमणुकीचा पार्क हा एकच! बाकी ठिकाणी आपल्यासारख्याच जत्रा. आठ-दहा दिवस पाळणे लागायचे आणि मग गाडा पुढच्या गावाला. त्यामुळे दूरदूरच्या गावांतून मुलं सहलीला बर्लिनला यायची ती मनोरा बघायला आणि इथल्या पाळण्यात बसायला. वर्षाला सुमारे १७ लाख माणसं यायची. आणि भिंत काही तिथून फार लांब नव्हती. पाळणा वर गेला की ज्या शहरात पाय ठेवायला बंदी, त्याची छपरं बघायला मात्र बंदी नाही! आकाशाला भिंत घालणं कोणत्याच सरकारला जमलेलं नाही.

१९८९ साली देशाला चाळीस वर्षं झाली. पुन्हा वाढदिवस, पुन्हा भेट. पार्कमध्ये नवा, ४५ मीटर उंच पाळणा उभा राहिला. तोच हा आपला कुरकुरणारा पाळणा. ऑक्टोबरात वाढदिवस थाटात साजरा झाला आणि ९ नोव्हेंबरच्या रात्री बर्लिनची भिंत उघडली! लोक नाचत-गात पलीकडे गेले. घरी कोणी आठवणारं असेल तर विचारा, ती चित्रं आपल्याकडेही टीव्हीवर आणि वर्तमानपत्रांत झळकली होती. पुढच्याच वर्षी, ३ ऑक्टोबर १९९० ला, पूर्व जर्मनी हा देशच नकाशावरून गेला आणि दोन्ही जर्मनी एक झाल्या. ज्या देशाच्या वाढदिवसासाठी पाळणा उभा केला, तो देश एका वर्षात संपला. पाळणा आपला जिथल्या तिथे.

पार्क होता सरकारी. आता सरकारच उरलं नाही, तर तो चालवायचा कोणी? शहराने तो खाजगी माणसाला द्यायचं ठरवलं. १९९१ मध्ये तो मिळाला नॉर्बर्ट विट्टे याला.

हा विट्टे म्हणजे हॅम्बुर्गकडच्या पिढीजात पाळणेवाल्या घराण्यातला. त्याच्या आजोबांची, ओटो विट्टे यांची गोष्ट ऐकाल तर थक्क व्हाल. ते सर्कशीत कसरती करायचे, आणि आयुष्यभर छातीठोकपणे सांगायचे की, ‘मी अल्बानियाचा राजा होतो!’ त्यांचं म्हणणं असं : १९१३ साली अल्बानिया हा देश नवा कोरा होता. तिथे एका तुर्की राजपुत्राची वाट बघत होते. आपला चेहरा त्या राजपुत्रासारखा होता, म्हणून आपण थाटात तिथे गेलो, मुकुट घातला, पाच दिवस राज्य केलं आणि बिंग फुटायच्या आत पसार झालो! याला पुरावा? काडीचाही नाही. इतिहासकार ही गोष्ट मुळीच मानत नाहीत. पण आजोबा १९५८ साली वारले तेव्हा हॅम्बुर्गच्या दफनभूमीतल्या त्यांच्या थडग्याच्या दगडावर ‘अल्बानियाचे माजी राजे’ असं कोरलं गेलंच. थापही अशी मारावी की दगडावर उतरली पाहिजे!

नातू मात्र खऱ्याखुऱ्या अडचणींत सापडत गेला. पार्क घेण्याच्या दहा वर्षं आधी, १९८१ मध्ये, हॅम्बुर्गच्या जत्रेत तो क्रेन चालवत असताना क्रेन एका फिरत्या पाळण्यावर आदळली आणि सात माणसं दगावली होती. तरीही बर्लिनने पार्क त्याच्याच हाती दिला.

विट्टेने पार्कचं नाव बदलून ‘श्प्रेपार्क’ केलं आणि सगळा थाट पश्चिमेकडच्या पार्कसारखा करायला घेतला. पाळण्याभोवतीचं डांबर उखडून तिथे पाणी खेळवलं. पॅरिसजवळ ‘मिरापोलिस’ नावाचा पार्क १९९१ मध्येच बंद पडला होता. तिथली काही खेळणी उचलून बर्लिनला आणली. (एका मेलेल्या पार्कची हाडं दुसऱ्या पार्कला बसवली, असं तेव्हा कोणाच्या मनात आलं नसेल.) पाण्यातून सुर्रकन खाली येणाऱ्या होड्या आल्या, हंसाच्या आकाराच्या नावा आल्या, डायनोसॉर आले. आणि आला एक रोलर कोस्टर, ज्याच्या वाटेवर रंगीबेरंगी जबडा वासलेला बोगदा होता. गाडी त्या अक्राळविक्राळ तोंडात शिरायची आणि मुलं किंचाळायची. जबड्यात दात, वर डोळे, सगळं काही!

मग एवढं सगळं असून पार्क बुडाला कसा? इथे जरा थांबू या, कारण मोठी माणसं याचं उत्तर ‘मालक वाईट होता’ एवढंच देतात आणि ते अर्धवट आहे.

पहिली गोष्ट अशी की पूर्वी हा पार्क देशात एकुलता एक होता. भिंत पडल्यावर लोकांना सगळं जग मोकळं झालं. सुट्टीत पॅरिसला जाता येत असताना प्लेंटरवाल्डला कोण जाणार? दुसरी गोष्ट तिकिटाची. नवी खेळणी आली ती कर्जातून आणि कर्ज फेडायचं तर तिकीट वाढवायला हवं. तिकीट वाढलं की माणसं कमी, माणसं कमी की पैसा कमी, पैसा कमी की पुन्हा तिकीट वाढवा! या पाळण्याला खाली उतरायची सोय नसते. तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त विचार करायला लावते. पार्क होता रानात, आणि भिंत पडल्यावर त्या रानाला सरकारने संरक्षण दिलं. म्हणजे झाडं तोडून मोटारींसाठी मैदान करायची सोय राहिली नाही. आता लोक येणार मोटारीने, आणि मोटार ठेवायला जागा नाही. बाबांच्या मागे लागून मुलांनी गाडी काढायला लावली आणि तासभर नुसती जागाच शोधली, तर बाबा पुढच्या वेळी काय म्हणतील, ते तुम्हीच सांगा. झाडं वाचवणं चूक का? मुळीच नाही. पण मग पार्क चालवायचा कसा? विट्टे शहराला दोष देत राहिला, शहर विट्टेला. दोघांचंही म्हणणं काही अंशी खरं होतं आणि त्याने कोणाचंच भलं झालं नाही.

१९६९ नंतरच्या काळात वर्षाला १७ लाख माणसं येत होती. २००१ मध्ये आली सुमारे ४ लाख. म्हणजे जिथे चार माणसं रांगेत असायची, तिथे उरला एक! कर्ज एक कोटी युरोंच्या वर गेलं. त्या वर्षी पार्क बंद झाला.

आणि आता सुरू होतो तो भाग एखाद्या रहस्यकथेत शोभेल असा. पण दुर्दैवाने तो खरा आहे.

२००२ च्या जानेवारीत विट्टे कुटुंब बर्लिनमधून निघालं ते थेट दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात, लिमा शहरात पोहोचलं. बरोबर सहा मोठी खेळणी, वीस कंटेनरांत भरून! अधिकाऱ्यांना वाटलं की खेळणी दुरुस्तीला चालली आहेत. ती निघाली होती समुद्रापार. लिमामध्ये विट्टेने नवा ‘लुनापार्क’ काढला, पण तिथेही डाळ शिजली नाही. पैसे संपले. खेळणी परत जर्मनीला न्यायलाही पैसा हवा.

अशा वेळी वाईट सोबत लवकर मिळते. २००३ मध्ये ‘उडता गालिचा’ नावाचं खेळणं जर्मनीला परत पाठवायची तयारी झाली, आणि त्याच्या पोलादी खांबाच्या पोटात पोलिसांना १६७ किलो कोकेन सापडलं. कोकेन म्हणजे घातक अमली पदार्थ. माणसाचं शरीर आणि घर दोन्ही पोखरून काढणारं विष. मुलांच्या खेळण्याच्या पोटात हे! विट्टे तेव्हा जर्मनीत होता. तिथल्या कोर्टाने २००४ मध्ये त्याला सात वर्षांची शिक्षा दिली. त्याचा तरुण मुलगा मात्र पेरूमध्ये होता आणि तो तिथेच पकडला गेला. त्याला २००६ साली पेरूच्या कोर्टाने वीस वर्षांची शिक्षा सुनावली. बाप काही वर्षांत सुटून बर्लिनला आला आणि मुलगा तिथल्या तुरुंगातच राहिला. या बापलेकांवर आणि त्यांच्या कुटुंबावर २००९ साली जर्मनीत एक माहितीपट निघाला. त्याचं नावच ‘रोलर कोस्टर’ या अर्थाचं आहे. बाप सुटला आणि मुलगा अडकला, हे त्या आईला कसं वाटलं असेल, याचा विचार केला की पुढे लिहायला पेन उचलत नाही.

इकडे बर्लिनमध्ये पार्क कोणाचाच नव्हता. जमीन शहराची, करार बुडालेल्या कंपनीचा, वर बँकेचं कर्ज. कोणी विकत घेईना, कोणी पाडेना. आणि माणसं भांडत असली की झाडं थांबत नाहीत. रुळांमधून रोपं उगवली. हंसाच्या नावा गवतात रुतल्या. डायनोसॉर आतून पोकळ. काही आडदांड लोकांनी ते ढकलून पाडले आणि ते पाय वर करून लोळत राहिले. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकदा मेलेले बिचारे पुन्हा मेले! जबडा वासलेल्या बोगद्यात गाडीऐवजी पालापाचोळा शिरला.

लोक मात्र येतच राहिले, कुंपणावरून उड्या मारून, फोटो काढायला. हे धोक्याचं होतं, दोस्तांनो. गंजलेला जिना दिसतो तसा मजबूत नसतो. राखणदार आणि कुत्री मागे लागत ते वेगळंच. काही वर्षं रीतसर तिकीट काढून, माणसासोबत फिरून पार्क बघायचीही सोय होती. म्हणजे बघा, पार्क चालू असताना माणसं यायला तयार नव्हती आणि मोडल्यावर मोडकं बघायला रांगा! २०११ साली आलेल्या ‘हॅना’ या इंग्रजी चित्रपटातही हा पडका पार्क दिसतो. १० ऑगस्ट २०१४ च्या रात्री तिथे मोठी आग लागली आणि लाकडी घरांची एक रांग जळून गेली. आग लावली गेली असाच संशय होता.

त्याच वर्षी बर्लिन शहराने पार्कचे हक्क परत मिळवले. २०१६ पासून शहराच्या बागा सांभाळणाऱ्या कंपनीकडे तो आला. तिने आधी केलं काय, तर तिथे कोणकोणती झाडं आली आहेत आणि कोणते प्राणी राहायला आले आहेत, ते पाहायला घेतलं. कारण माणसं नसताना पंधरा वर्षं जे तिथे राहत होते, त्यांचाही आता त्या जागेवर थोडा हक्क झाला होता. पूर्वीसारखा धांगडधिंग्याचा पार्क करायचा नाही. रान, कला आणि जुन्या खेळण्यांचे अवशेष एकत्र असलेली बाग करायची, असं ठरलं.

आणि पाळणा? २०२१ च्या जानेवारीत क्रेन आल्या, एकेक खोका उतरवला गेला, चाक सुटं केलं गेलं आणि भाग दुरुस्तीला गेले. दुरुस्त करून तो पुन्हा त्याच जागी, पाण्यावर उभा करायचा बेत आहे. इतक्या वर्षांनी पार्कच्या आकाशात पाळणा दिसेना, तेव्हा आसपासच्या लोकांना चुकल्यासारखं झालं असणार. नदीकाठचं अंड्यांचं घरकुल मात्र त्याआधीच तयार झालं. अनेक वर्षं बंद असलेली ती लाल विटांची इमारत २०२४ साली पुन्हा उघडली आणि नदीकाठाने चालत येणारी माणसं परत तिथे बसून खाऊ-पिऊ लागली.

आता भूमितीची वही काढा. समजा, एका पाळण्याचा व्यास ४० मीटर आहे आणि तो एक फेरी ४ मिनिटांत पूर्ण करतो. तर खोक्यात बसलेली मुलगी एका फेरीत किती मीटर प्रवास करते, आणि तिचा वेग ताशी किती किलोमीटर? चालणाऱ्या माणसापेक्षा ती पुढे जाईल की मागे पडेल? उत्तर पुढच्या अंकात. आई-बाबांना विचारायला परवानगी आहे, पण आधी तुमचा अंदाज वहीत लिहून ठेवायचा!